एका पत्त्यावर दोघी

गोदामाच्या ऑफिसात नेटवर्क बंद पडलं की सगळे तिच्या नावानं ओरडायचे. ते नीट चालत असलं की ती आहे की नाही, याची कुणाला फिकीर नसायची. त्या दिवशी दुपारी हिशेबनीसकाका कपाळाला आठ्या घालून तिच्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, माझ्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता म्हणे दुसरंच मशीन वापरतंय. न विचारता पोटभाडेकरू ठेवलात की काय?"

तिला हसू आलं. "काका, इथं निरोप धाडायचा तर मशीन आधी सगळ्यांना ओरडून विचारतं, या पत्त्यावर कोण राहतं? जो 'मी' म्हणेल, त्याला निरोप मिळतो."

"आणि दोघं म्हणाले तर?"

"एकाचं खरं धरतात. ओळख पटवायची पद्धतच नाही. आमची चिमणी बरी! नुसतं 'मी' म्हटलं तर 'मी कोण?' विचारते. 'तुझी आई' म्हटल्यावरच दार उघडते."

तिनं काकांच्या मशीनची वायर उपसली आणि त्या पत्त्यावर कोण आहे, ते विचारून पाहिलं. काकांचं मशीन तुटलेलं असूनही लगेच उत्तर आलं, 'मी'.

सगळ्या वायरी एकत्र येतात तो स्विच कोपऱ्यातल्या कपाटात होता. कोण कुठल्या वायरीवरून बोलतंय हे त्याला ठाऊक असतं. ते उत्तर वायर खोचायच्या शेवटच्या भोकातून आल्याचं त्यानं दाखवलं. ती वाकून बघायला गेली. त्या भोकात वायरच नव्हती, पण वरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तरी तिनं ते भोक बंद केलं, काकांना नवा पत्ता दिला आणि जागेवर येऊन बसली.

आता तिच्याच पडद्यावर तोच इशारा होता. तिचा पत्ता कुणीतरी वापरत होतं. त्या दुसऱ्या मशीनचं नाव तिनं शोधलं. चिमणी. लेकीचं हे लाडाचं नाव तिनंच आपल्या मशीनला दिलं होतं, आणि ते मशीन तिच्या पुढ्यात होतं.

तिनं लगेच घरी फोन लावला.

"आता काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "मघाशीच सांगितलंस ना, लवकर निघतेय म्हणून?"

"मी? मी नाही केला फोन!"

"थांब, बेल वाजतेय."

फोनमधून चिमणीचा आवाज आला, "कोण?" मग दाराबाहेरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. चिमणी आनंदानं किंचाळली आणि फोन बंद झाला.

ती तशीच धावत सुटली. पर्स, किल्ल्या, सगळं टेबलावर राहिलं, हातात तेवढा फोन होता. वाटेत तिनं पुन्हा पुन्हा फोन केला, पण कुणी उचलला नाही. तिघींच्या त्या घरात सगळ्या आत आल्या की सासूबाई दाराला साखळी लावायच्या, आणि मग कुणालाच उघडायच्या नाहीत. साखळी लागायच्या आत पोचायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जिना चढून तिनं बेल दाबली.

"कोण?"

"मी!"

"मी कोण?"

"तुझी आई गं! दार उघड, बाळा!"



"आई," चिमणी आत कुणालातरी म्हणाली, "बाहेरची पण आईच म्हणतेय."

आत कुणीतरी हसलं. ते हसू तिचंच होतं.

"आल्या ना सगळ्या घरी?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"आल्या," आतून तिचाच आवाज म्हणाला.

मग दारापलीकडे साखळी सरकली.