भिंतीपलीकडचा खर्ज

प्रेम थेट हृदयात उतरतं, असं सगळ्या देशांतले जाणते लोक आजवर सांगत आले आहेत. अमोंदीच्या बाबतीत ते आधी तळपायांतून शिरलं, मग पोटात घुमलं आणि शेवटी तिच्या पांढऱ्या स्कर्टवर सांडलं. सांडलेला भाग चहाचा होता.

ही गोष्ट नैरोबीतल्या प्रत्येक पगारदार माणसाने डीव्हीडी प्लेअर घेऊन भिंतींना पाच-पाच स्पीकर टांगले, त्याच्या पुढच्या वर्षीची. तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की पाच स्पीकरांबरोबर जो सहावा ठोकळा खोक्यातून निघाला होता, ज्याला दुकानदार वूफर म्हणाला होता, त्याचा आवाज रिकाम्या डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा येतो. म्हणून सगळे पगारदार पुन्हा लुथुली अव्हेन्यूवर आले, खरा वूफर घ्यायला.

लुथुलीवरचा रिवाज असा, की उंबऱ्याबाहेर गेलेला माल परत घेत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक घरून आपलं आवडतं गाणं घेऊन येई, आणि काचा थरथरेपर्यंत ते वाजवून दाखवणं दुकानदाराला भाग पडे. शनिवारी दोन्ही बाजूंच्या सगळ्या दुकानांत एकाच वेळी हे चाले. नवख्या माणसाला वाटे, शहराचं हृदय बिघडलंय आणि कोणी डॉक्टर बोलवत नाहीये.

गिटाऊच्या दुकानात अमोंदी जमिनीवर उकिडवी बसून, डोळे मिटून, एका काळ्या खोक्याला तळहात लावून होती. तिची सीडी लागली होती. तेवढ्यात डोक्यावरून कोणीतरी खोक्यावर काहीतरी ठेवलं.

"हलू नका," एक मऊ आवाज म्हणाला. "मी चहा बघतोय."

अमोंदीने डोळे उघडले. खोक्यावर काठोकाठ भरलेला कप होता आणि त्याच्यावर वाकलेला एक उंच माणूस, परीक्षेचा निकाल बघावा तसा कपात बघत होता.

"चहा प्यायचा असतो," ती म्हणाली.

"नंतर. आधी त्यावर वलयं कशी उठतात ते बघायचं. बारीक उठली तर वूफर प्रामाणिक. नुसताच हिंदकळला, तर आवाज फार आणि अक्कल कमी."

गिटाऊने आवाज वाढवला. वूफर अक्कल कमी असलेल्यांपैकी निघाला.

त्या माणसाने खिशातून रुमाल काढला, तिच्या हातात दिला आणि ती स्कर्ट पुसत असताना मान वळवून भिंतीवरच्या वायरींकडे असा बघत राहिला, की जणू त्या वायरींतच त्याचा जीव होता.

"तुम्ही कांबा जमातीचे का हो?" अमोंदीने विचारलं.

"कशावरून?"

"इतक्या शांतपणे माझ्यावर चहा कोणी सांडला नव्हता. आम्हा लुओंमध्ये सांडणारा आधी भाषण करतो."

"आणि जिच्यावर सांडतो ती?"

"ती भाषण पूर्ण ऐकते. मग दुसरा चहा मागवायला लावते."

त्याने दोन मागवले.

त्याचं नाव किमांझी. तो विमा विकायचा. माणसांशी त्यांच्याच मरणाबद्दल गोड बोलायचं, हा पेशा. त्यामुळे आवाज मऊ झालेला आणि घाई अजिबात नाही. अमोंदी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून गिटाऊ तिला 'बाई' म्हणायचा. ते ऐकून किमांझीही 'बाई' म्हणायला लागला. फरक इतकाच, की गिटाऊच्या तोंडून तो शब्द धंद्याचा वाटे आणि याच्या तोंडून... जाऊ दे. भूगोलाच्या बाईंनी असल्या फरकांकडे लक्ष द्यायचं नसतं.

त्या दिवशी अमोंदीने काही घेतलं नाही. "हा खोकतो," असं म्हणून तिने काळा खोका नाकारला.

"मलाही अजून ठरवता येत नाहीये," किमांझी म्हणाला. "पुढच्या शनिवारी... तुम्ही असाल?"

"वूफर मिळेपर्यंत असेन."

"देव करो आणि चांगला न मिळो," असं काहीतरी तो पुटपुटला. शेजारच्या दुकानातल्या ढोलामुळे ते ऐकू आलं नाही असं अमोंदीने ठरवलं.

मग शनिवार मागून शनिवार गेले. किमांझी दुकानादुकानांतून तिच्या मागे हिंडायचा, चहाचा कप सांभाळत, एखाद्या जत्रेत निखारे घेऊन चालावं तसा. ती बसायची, तळहात लावायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची.

"हा ढेकर देतो."

"हा सासरच्या माणसासारखा आहे. सारखा मध्येच बोलतो."

"आणि हा?"

"हा बरा आहे," ती जरा थांबून म्हणायची, "पण हा तो नाही."

तो म्हणजे कोण, हे किमांझीने विचारलं नाही. विम्याच्या धंद्यात एक कळतं: माणूस आपणहून सांगेपर्यंत चहा पीत राहायचं.

ते तिने एप्रिलमधल्या एका शनिवारी सांगितलं. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की सगळ्या लुथुलीचे वूफर हरले आणि दुकानदारांनी हात टेकून आवाज बंद केले. ते दोघं एका पत्र्याच्या कडेखाली, लिंबू-तिखट चोळलेलं भाजकं कणीस अर्धं-अर्धं करून खात उभे होते. कणीस एकच मिळालं होतं, असं किमांझीचं म्हणणं होतं.

"किसुमूला आमच्या बाबांचा बार होता," अमोंदी म्हणाली. "बारच्या मागे आमची खोली. माझी खाट त्या भिंतीला लागून, आणि भिंतीच्या पलीकडे बाबांचा मोठा लाकडी खोका. गाणं मला कधी ऐकूच आलं नाही. शब्द नाहीत, गिटार नाही. फक्त त्याच्या खालचा खर्ज. धुम्... धुम् धुम्... असा. पाठीतून यायचा. सकाळी विचारायचे, बाबा, काल कुठलं गाणं होतं? ते म्हणायचे, सगळीच."

"मग आता?"

"बाबा गेल्या वर्षी गेले. बार पाडला, तिथे रस्ता रुंद झाला. फोटो आहेत हो पुष्कळ. चेहरा कुठे जाणार नाही." ती कणसाचे दाणे उगाच मोजल्यासारखी बघत राहिली. "पण तो आवाज... हल्ली मला आठवायला वेळ लागतो. पूर्वी नुसती पाठ टेकली की यायचा. एक दिवस येणारच नाही. म्हणून म्हटलं, चांगला वूफर घ्यावा."

किमांझीने आपल्या वाटणीच्या कणसातला जास्त तिखट लागलेला तुकडा तिला दिला. तिला तिखट आवडतं हे त्याच्या लक्षात होतं. हे त्याच्या लक्षात आहे हे तिच्या लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नाही. बार बंद करताना बाबा पलीकडून, बाटल्या उघडायच्या चावीने, भिंतीवर टकटक करायचे. ती अलीकडून बोटाने उत्तर द्यायची. मगच झोप. ही गोष्ट इतकी लहान होती की कोणाला सांगितली तर वापरून संपेल, असं तिला वाटे.

शेवटी तिने ठरवलं. आता हा एक शनिवार बघायचा. नाहीच मिळाला, तर कोंबडीचा डबा आहेच घरी, आणि शनिवारी वह्या तपासायला बऱ्या. हे ठरवल्यावर तिला जे वाईट वाटलं त्यात आवाजाचा भाग किती आणि चहाच्या कपाचा किती, याचा हिशेब तिने मुद्दाम केला नाही.

किमांझीची मटाटू बस पावसात अडकली असावी. तो आला नव्हता. गिटाऊने स्टूल पुढे केलं.

"बाई, तुमचे ते विमेवाले आले की जरा विचारा, त्यांचा बारा इंची वूफर कसा चाललाय."

"कुठला बारा इंची?"

"घेतला की त्यांनी. पहिल्याच दिवशी. तुम्ही उंबरा ओलांडलात आणि त्यांनी तो खांद्यावर टाकून..." गिटाऊ थांबला. दुकानदाराला चुकून खरं बोलल्यावर जशी मरगळ येते तशी त्याला आली.

थोड्या वेळाने किमांझी ओलाचिंब होऊन आला. हातात कप होताच. त्यात निम्मा पाऊस.

"या," अमोंदी म्हणाली. "आज कुठला बघायचाय तुम्हाला?"

"तो कोपऱ्यातला म्हणतात चांगला आहे. दहा इंची."

"घ्या ना. घरच्या बारा इंचीला सोबत होईल."

किमांझीने गिटाऊकडे बघितलं. गिटाऊ एक स्वच्छ रिमोट फार मन लावून पुसत होता.

"बाई, त्याचं असं आहे..."

"अमोंदी. वर्गात नाहीये मी."

"त्याचं असं आहे, अमोंदी," तो मरणाबद्दल बोलायच्या मऊ आवाजात म्हणाला. "वूफर घेऊन झाला म्हटलं असतं, तर शनिवारी लुथुलीवर यायला मला कारण उरलं नसतं."

"दुसरं कारणच नव्हतं?"

"होतं. ते समोर उभं आहे. रागावलंय."

"रागावू नको तर काय करू? मी इकडे माझ्या बाबांचा आवाज शोधतेय आणि तुम्ही फुकट मजा बघत होतात."

"मजा नाही. तुम्हाला बघत होतो." त्याने कप खाली ठेवला, रिकाम्या हातांनी तो तिला जरा अनोळखी वाटला. "तुम्ही प्रत्येक खोक्याच्या समोर बसता, कान देता आणि म्हणता, हा तो नाही. लहानपणी तुम्ही कधी खोक्यासमोर होता का?"

अमोंदी कोपऱ्यातल्या दहा इंचीकडे बघायला लागली.

"तुम्ही भिंतीमागे होता. या सगळ्यांत चांगला वूफर मिळाला तरी तो 'तो' निघणार नाही. तुम्हाला वूफर नकोय, अमोंदी. तुम्हाला भिंत हवीय."

"भिंत माझ्याकडे नाही हं," गिटाऊ काळजीने म्हणाला.

"माझ्याकडे आहे," किमांझी म्हणाला. "उमोजाला. तिसरा मजला. भाड्याची आहे, पण भिंतच आहे. उद्या दुपारी याल?"

ती गेली. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळलेला मासा घेऊन गेली. किमांझीने बाहेरच्या लांब व्हरांड्यात, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, भिंतीला लागून तिच्यासाठी स्टूल मांडलं होतं. तिला तिथे बसवून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

शेजारीण बादली घेऊन आली. ती थबकली.

"दार उघडत नाही का गं तो?"

"उघडतो. मीच बाहेर बसलेय."

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग बरंय. आत्तापासून सवय झालेली बरी." आणि ती बादली घेऊन गेली.

अमोंदीने भिंतीला पाठ टेकली. सिमेंट थंड होतं. आधी काही नाही. मग, इतकं हळू की ते भिंतीत आहे की आपल्यात हे कळू नये... धुम्. धुम् धुम्. शब्द नाहीत. गिटार नाही. पाठीतून आलं, बरगड्यांखाली थांबलं. चादर वाऱ्याने तिच्या तोंडावर आली आणि तिने ती तशीच राहू दिली. बरं झालं, चादर होती ते.

मग मध्येच, पलीकडून, टकटक.

तो फक्त विचारत होता. ऐकू येतंय का, एवढंच. त्याच्या हातात काय होतं कोण जाणे, चमचा असेल. त्याला काय माहीत.

अमोंदीचं बोट आपोआप उठलं. तिने भिंतीवर उत्तर दिलं.

पलीकडून पुन्हा, जरा धीटपणे, टकटक. तिनेही पुन्हा. असं बराच वेळ चाललं. शेजारीण एकदा डोकावली आणि मान हलवत आत गेली.

दार उघडलं तेव्हा ती दारातच उभी होती. डोळे लाल, हातात मासा.

"हेच गाणं," ती म्हणाली. "हेच होतं. कुठलं आहे हे?"

किमांझीने मान खाली घातली. "गडबडीत हाताला लागली ती कॅसेट लावली. आमच्या आईच्या चर्चची भजनं आहेत. मचाकोसची, कांबा भाषेतली."

"माझ्या बाबांच्या बारमध्ये चर्चची भजनं? तीसुद्धा कांबा भाषेत?"

"भिंतीपलीकडून सगळे लुओच वाटतात."

सगळीच, बाबा म्हणायचे. अमोंदी हसायला लागली. डोळे पुसायचे राहून गेले. किमांझीने खिशातून रुमाल काढला. पहिल्या दिवशीचाच होता, चहाचा डाग होता त्यावर. या वेळी मात्र तो वायरींकडे बघत बसला नाही.

"मासा गार होतोय, किमांझी," ती म्हणाली. "तू मला आत घेतोस, की देऊ हा शेजारणीला?"

त्याने तिला आत घेतलं.

डिसेंबरात लग्न झालं. अमोंदीच्या मावशीने शेवटपर्यंत बजावलं, की कांबा लोक जादूटोणा करून मुली पटवतात. कसला जादूटोणा म्हणून विचारलं तर चहाचा, असं अमोंदी सांगायची. डोनहोमला दोन खोल्यांचं घर घेतलं, बारा इंची बाहेरच्या खोलीत ठेवला, आणि शनिवारी संध्याकाळी तो लावून दोघं आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसू लागले.

तिसऱ्या महिन्यात वीज गेली, ती येताना जोरात आली आणि बारा इंची जळला. गिटाऊने उंबऱ्याबाहेर गेलेला माल घेतला नाही. आता त्या खोक्यावर भूगोलाच्या वह्या असतात. शनिवारी भिंतीतून खर्ज अजून येतो, दोघं ऐकतातही; पण तो शेजारच्या पोरांच्या वूफरचा आहे. वूफर आठ इंची आहे आणि खोकतो.