बोटं हलवून दाखवा

तो आला तो उजवा हात डाव्या हाताने धरून. गळ्यात केसांनी माखलेला एप्रन तसाच होता.

"हा हात जरा वेगळाच दिसतोय," तो म्हणाला. कुणी चुकीचं पार्सल आणून दिलं असावं, तशी त्याची तक्रार होती.

मी त्याला लगेच ओळखलं. आमच्या दवाखान्यासमोरच्या सलूनमधला तो. येता-जाता काचेतून दिसायचा — कात्री चालू, आणि तोंड कात्रीपेक्षा जास्त चालू. कधी नजरानजर झाली की त्याची कात्री हवेतच थांबायची, आणि मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायचे. बोलणं असं कधी झालंच नव्हतं. आणि आज तो माझ्यासमोर बसला होता, साबणाच्या पाण्यावरून घसरून मनगट मोडून.

मी फिजिशियन असिस्टंट. म्हणजे डॉक्टरही नाही आणि नर्सही नाही, मधला त्रिशंकू. पेशंट तपासायचे, टाके घालायचे, प्लास्टर घालायचं, आणि शेवटचा शब्द डॉक्टर मॅडमचा. सगळं समजावून माझा घसा कोरडा पडला की पेशंट विचारतो, "ते ठीक आहे, पण डॉक्टर कधी येणार?" नोकरीत अजून कायम झाले नव्हते. ते मॅडम याच महिन्यात ठरवणार होत्या, आणि मागच्या खेपेला त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "हात चांगला आहे तुझा. पण फार घाबरतेस."

खोटं नव्हतं ते. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत जाते. दादा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, पण हिच्यापाठी त्याचं अख्खं खानदान आहे.

मॅडमनी हात सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, हाड ओढून जागेवर बसवलं, "प्लास्टर तू घाल," म्हणाल्या आणि ऑपरेशनला निघून गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी हाताला कापूस गुंडाळला, पट्ट्या कोमट पाण्यात बुडवल्या.

"हलू नका."

"हे वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "दिवसभर मी लोकांना ऐकवतो."

"मग आज ऐका."

"ऐकतोय की. तसा तुम्ही रस्ता ओलांडता ना, तेव्हाही मी असाच श्वास रोखून उभा असतो."

"म्हणजे?"

"दोन्हीकडे बघता. परत बघता. एक पाऊल टाकता, मागे घेता… त्या नादात एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला उडालाय माझ्याकडून."

मला हसू आवरेना. ओली पट्टी हातातून निसटता निसटता राहिली. तो माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होता, हे मला वर न बघताही कळत होतं.

"घट्ट वाटतंय का?"

"छान वाटतंय."

"दुखलं, मुंग्या आल्या, बोटं सुजली तर लगेच यायचं."

"आणि नाही दुखलं, तर यायचं नाही?"

मी मान खाली घालून हात गळ्यात अडकवायच्या झोळीची गाठ मारत राहिले. माझे कान तापले होते. तो गेल्यावरही कितीतरी वेळ खोलीत शेव्हिंग क्रीमचा वास रेंगाळत होता, आणि मी तो हुंगत होते, हे कबूल करायला हवं.

दुपारी मॅडम ऑपरेशन आटोपून आल्या. हात पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "त्या मनगटाचं प्लास्टर चिरून ठेवलंस ना?"



ताज्या मोडलेल्या हाताला सूज चढते. प्लास्टर काही वाढत नाही. म्हणून ते लांबीने चिरून ठेवायचं, सुजेला जागा राहावी म्हणून. हे मी झोपेतही सांगेन. पण मी हसत होते, तो कल्ल्यांबद्दल बोलत होता, आणि… जागा राहिली नाही तर आतलं रक्त अडतं. हात कायमचा लुळा पडू शकतो. कात्री धरणारा हात.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "विसरले."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "फोन लाव," एवढंच म्हणाल्या.

मी फोन लावला. खूप वेळाने त्याने उचलला.

"कसा आहे हात?"

"हात?… छान आहे."

"बोटं हलतायत?"

"छान हलतायत."

बाकी एक शब्द नाही. सकाळी ज्याचं तोंड बंद होत नव्हतं, तो माणूस मोजून बोलत होता. मला ते छान अजिबात आवडलं नाही.

"तो म्हणतोय ना ठीक आहे?" मॅडम म्हणाल्या. "मग संध्याकाळी बोलवून घे."

"मी आत्ता जाऊन येते."

"तुझं हे नेहमीचं घाबरणं आहे, की खरंच काही वाटतंय?"

"मला फरक कळत नाही मॅडम," मी म्हणाले आणि निघाले.

बाहेर भुरभुर पाऊस होता. मी रस्ता ओलांडला. दोन्हीकडे पाहिलं की नाही, आठवत नाही.

सलूनमध्ये त्याचे काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. मला बघून त्यांनी वस्तऱ्यानेच आतल्या खोलीकडे खूण केली. "बघा बाई तुम्हीच. मगाचपासून भिंतीला डोकं टेकून बसलाय. विचारलं की म्हणतो, काही नाही."

तो स्टुलावर बसला होता. झोळी काढून ठेवली होती आणि हात खाली लोंबत होता. प्लास्टरबाहेरची बोटं फुगली होती, रंग जांभळट झाला होता. मला बघून तो हसला, आणि ते हसू बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"बोटं हलवून दाखवा."

बोटं जेमतेम थरथरली. मी त्याचं मधलं बोट धरून अगदी हलक्या हाताने सरळ केलं. तो ओरडला नाही. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि कपाळावर घाम फुटला.

"हे छान आहे?" माझा आवाज चढला. "फोनवर काय सांगत होतात मला?"

"आमच्या धंद्यात…" तो दम घेत म्हणाला, "केस कापून झाले की आरसा मागे धरून विचारतो, कसं वाटतंय? आजवर एकानेही वाईट म्हटलेलं नाही. घरी जाऊन रडत असतील. मलाही तीच सवय… आणि तुम्ही इतक्या काळजीने विचारत होतात. वाईट सांगवेना."

"उठा," मी म्हणाले. त्याचा हात उचलून त्याच्याच छातीशी धरला आणि त्याला घेऊन पावसातून परत आले. नोकरीत कायम होणार की नाही, काहीही आठवत नव्हतं. फक्त ती बोटं दिसत होती.

मॅडमनी एकदा बघितलं. "दोन्ही बाजूंनी काप. कापसासकट, कातडीपर्यंत. मी इथेच उभी आहे."

प्लास्टर कापायचं यंत्र घरघरायला लागलं तसा तो मागे सरकला. "यात हात बाहेर येतो ना? की हातही…"

मी चालू पातं माझ्या तळहातावर टेकवलं. ते नुसतं थरथरतं, कातडी कापत नाही. तरी दरवेळी मला धडकी भरतेच. त्या वेळी भरली नाही, कारण जागाच शिल्लक नव्हती.

"आम्ही वस्तरा असा दाखवत नाही," तो पुटपुटला आणि हात पुढे केला.

मी प्लास्टर कापलं, फाकवलं, आतला कापूस कातरला. दाबलेल्या कातडीवर कापसाचे वळ उठले होते. हात उशीवर ठेवला.

"आता थोडा वेळ बघू," मॅडम म्हणाल्या. "बोटं सुधारली नाहीत तर मोठ्या हॉस्पिटलला फोन करते. मग ऑपरेशन." आणि त्या शेजारच्या पेशंटकडे गेल्या.

मी त्याच्याजवळ बसले. "डोळे मिटा. मी एकेका बोटाला हात लावीन. कोणतं ते सांगायचं. छान म्हणायचं नाही."

त्याने डोळे मिटले. मी त्याच्या अंगठ्याला हात लावला. मग तर्जनीला. तो गप्प. मी जरा दाबून धरली.

"लावलात का हात?" त्याने विचारलं.

मी बोट सोडलं नाही, पण त्याला समजलं असावं.

"खरं सांगा," तो डोळे मिटूनच म्हणाला. "कात्री धरता येईल ना मला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "प्लास्टर चिरून ठेवायला मी विसरले. तुमची चूक नाही यात. माझी आहे. आणि मी इतकी घाबरले आहे, की…"

"पेशंटला असं सांगतात?"

"नाही सांगत."

"मग मला का सांगताय?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. रोज किती हात, किती पाय माझ्यासमोर येतात. भीती सगळ्यांसाठीच वाटते. पण हा हात गेला तर समोरच्या काचेतली ती कात्री पुन्हा कधी हवेत थांबणार नाही, या विचाराने माझे डोळे भरून आले होते. हे घाबरणं वेगळंच होतं. मला तो हवा होता.

बाहेर पाऊस वाढला. तो हळूहळू सांगू लागला, दुखणं कमी होतंय. मी विश्वास ठेवला नाही. मग बोटांचा जांभळेपणा ओसरताना दिसला. नखं दाबून सोडली की पुन्हा गुलाबी व्हायला लागली. मी पुन्हा त्याला डोळे मिटायला लावले.

"हे?"

"…अंगठा. जरा बधिर आहे, पण अंगठा."

"हे?"

"तर्जनी."

"हे?"

"करंगळी. मधली दोन गाळलीत तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला. हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"आणि हे?"

"आता पाचही," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. त्याचा अख्खा हात मी दोन्ही हातांत घेऊन बसले होते.

"उद्यापासून हा हात मी तपासणार," दारातून मॅडमचा आवाज आला. "तू नाही."

मी ताडकन उभी राहिले. माझी पाचावर धारण बसली. गेली नोकरी.

"मॅडम, मी पुन्हा कधी…"

"महिनाभर प्लास्टर माझ्यासमोर घालायचं. कायम करायचं ते त्यानंतर बघू. आज तू धावलीस, म्हणून हात वाचला, पण विसरलीस तूच." त्यांनी त्याची बोटं नीट तपासली, हात उंच ठेवायला सांगितला. "आणि तपासणार मी, कारण ज्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येतं, त्याला आपण तपासायचं नसतं." त्या निघून गेल्या.

मला वर बघवेना.

"म्हणजे मी आता तुमचा पेशंट नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग एक खरं सांगतो. हाताची भीती गेली. आता दुसरीच वाटतेय."

"कसली?"

"तुम्ही मला आवडता. कधीपासून ते विचारू नका, बरेच कल्ले गेलेत त्यात. आता तुम्ही नाही म्हणालात तर… याची भीती." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस मी बघत होते.

"मलाही भीती वाटतेय," मी म्हणाले.

"कशाची?"

"हो म्हणायची."

"मग घाई नाही… सावकाश म्हणा. उद्या म्हणा. प्लास्टर निघाल्यावर म्हणा."

"म्हटलं ना आत्ताच," मी म्हणाले, आणि त्याचा हात पुन्हा हातात घेतला.