एक फाइल, दोन पाहुणे

इंजिनिअर लोक यंत्र बनवतात, आणि ते कसं चालतं हे सांगायची वेळ आली की घसा खाकरतात. मग मला बोलावतात. बारा वर्षं माझं पोट याच कामावर चाललंय, त्यांच्या पराक्रमाच्या पुस्तिका लिहिण्यावर. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलं नाही. पुढचा माणूस अडखळू नये म्हणून आपण आधी अडखळून ठेवायचं, यात एक समाधान असतं.

त्या दिवशी सकाळी साहेबांनी चार पानांचा मसुदा माझ्या टेबलावर टाकला. "आज संपवा. उद्या बाहेर जायला हवा."

"मुलीला ताप आहे साहेब. मला दोनला निघायचंय."

"चारच तर पानं आहेत," साहेब म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

नवरा कामासाठी परगावी होता. मुलगी आठ वर्षांची. शेजारच्या काकू तिच्यापाशी बसल्या होत्या, पण त्यांना चारला निघायचंच होतं. सकाळी घरून निघताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. "लवकर येशील?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दोनला येते. नाहीच जमलं तर चारच्या आत तरी नक्की." तुम्ही हे वाचताना ही वेळ लक्षात ठेवा, कारण मी दुसऱ्या कशासाठीच इतकी धडपडले नाही.

मसुदा कशाचा होता ते सांगते, घाबरू नका. एका मोठ्या संगणकाच्या पोटात दुसरे लहान संगणक चालवता येतात. खरे नव्हेत, आभासी. आमच्या ऑफिसात बाहेरच्याला यजमान म्हणतात आणि आतल्यांना पाहुणे. पाहुण्याची बडदास्त अशी ठेवायची की त्याला सगळं घर आपलंच वाटावं. पण पाहुणा बंद केला की त्याच्या मनातलं सगळं पुसलं जातं. हे नवं उपकरण त्याला स्मृतीचा एक तुकडा देतं, बंद पडल्यावरही टिकणारा. खरं तर ती यजमानाकडची एक साधी फाइल असते.

एरवी पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचा पत्ताही नसतो. या उपकरणाला मात्र ते चालत नाही. इथे आतल्याला माहीत असावं लागतं की आपण कोणाच्या तरी आत आहोत, कारण काही लिहिलं की त्यानं बाहेरच्याला विनंती करायची: हे पक्कं कर. बाहेरच्यानं केलं की उत्तर येतं. उत्तर येईपर्यंत आतल्यानं थांबून राहायचं. किती वेळ, ते मसुद्यात दिलेलं नव्हतं.

आणि शेवटच्या पानावर एक ताकीद होती: एकच फाइल एकाच वेळी दोन पाहुण्यांना देऊ नये.

मी इंजिनिअरला फोन केला. "दिली तर काय होतं?"

"नका देऊ, एवढंच लिहा ना."

"कारण लिहिल्याशिवाय वाचक ऐकत नाही."

"मॅडम, आम्हीही कधी देऊन बघितली नाही," तो म्हणाला, आणि हसला.

आमच्या खात्यात एक नियम आहे. स्वतःच्या हातानं केल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. या नियमापायी मी आजवर तीन संगणक जाळलेत आणि त्याचा मला अभिमानच होता. मी मसुदा उचलला आणि तळघरातल्या चाचणीच्या खोलीत गेले.

खोलीच्या बाहेर लॅबवाले काका बसतात. वहीत सही घेतात, मोबाइल ठेवून घेतात, मग आपण दाराला कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागतो, दार उघडतं; बाहेर पडतानाही तसंच. "जेवायच्या आत आटपा," काका म्हणाले. आत खिडकी नाही. एका भिंतीला यंत्रांची कपाटं, त्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. एक टेबल, एक खुर्ची, एक पडदा. भिंतीवर जुना फोन आणि घड्याळ. दाराला वहीच्या पानाएवढी काच.

बारा वाजता पहिला पाहुणा सुरू केला. पडद्यावर त्याची खिडकी उघडली. चाचणीसाठी काहीतरी मजकूर लागतो, तर मनात होतं तेच टाइप केलं: *घरी मुलीला ताप आहे. तीनला औषध. चारच्या आत पोचायचं.* पक्कं कर म्हटलं. उत्तर आलं. पाहुणा बंद केला, पुन्हा चालू केला, ओळी जागच्या जागी. छान. तीन पानं तपासून झाली तेव्हा दीडही वाजला नव्हता.

निघायला हवं होतं. उरली होती फक्त ती ताकीद. जशीच्या तशी उतरवली असती तर कोणी विचारलं नसतं. पण मला राहवलं नाही. पहिला पाहुणा चालू ठेवूनच मी दुसरा सुरू केला आणि त्यालाही तीच फाइल दिली.

काहीच झालं नाही. पडद्यावर शेजारी शेजारी दोन खिडक्या, दोन्हींत माझ्या त्याच ओळी. मी हिरमुसले, खरं सांगते. तेवढ्यात यंत्रांची घरघर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पहिल्या खिडकीत एक नवी ओळ होती.

*मी निघते. तू थांब.*

माझे हात मांडीवर होते.

कोणीतरी वरून चेष्टा करतंय असं वाटलं. इंजिनिअर लोकांना असले चाळे सुचतात. मी पर्स उचलली, दाराशी गेले, कार्ड लावलं. तांबडा दिवा. पुन्हा लावलं. दारावरच्या छोट्या पट्टीवर अक्षरं आली: *हे कार्ड १:४० ला बाहेर गेले आहे.*

घड्याळात एक बेचाळीस झाले होते.

मी दार ठोठावलं, ओरडले. जाड दार ते, आवाज तिथेच मेला. भिंतीवरच्या फोनवरून काकांना लावला.

"काका, दार उघडा हो. मी आत अडकलेय."

"कोण बोलतंय?"

"मी. पुस्तिकावाली."

"मॅडम, तुम्ही तर आत्ताच गेलात की. सही करून. मुलीला ताप आहे म्हणालात..."

"ती मी नव्हते काका."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. काचेत त्यांचा चेहरा आला. मी काचेला नाक लावून उभी होते, आमच्यामध्ये वीतभर अंतर नसेल. मी हात हलवले, काच बडवली. त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, मग पुन्हा माझ्याकडे. "कोणी नाही," ते स्वतःशीच म्हणाले. ओठांवरून कळलं. मग त्यांनी बाहेरचं बटण दाबलं आणि माझ्या खोलीतला दिवा गेला.

त्या अंधारात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कपाटांवर बारीक हिरवे ठिपके लुकलुकत होते. पडद्याचा उजेड टेबलापुरताच होता. साहेबांना फोन लावला, इंजिनिअरला लावला, कोणी उचलेना. पहिल्या खिडकीत टाइप केलं: *मला बाहेर काढा.* पक्कं कर म्हटलं. उत्तर आलं नाही. खिडकी नुसती थांबून राहिली.

सव्वातीनला घरी फोन लावला. मुलीनंच उचलला.

"बाळा, काकू आहेत ना?"

"गेल्या... आई आली म्हणून गेल्या." ती अगदी हळू बोलत होती. "आई, तू ऑफिसात आहेस?"

"हो गं."

"मग स्वयंपाकघरात कोण आहे?"

मागून भांड्यांचा आवाज येत होता. नळ सुरू झाला, बंद झाला. "कोणाचा फोन आहे?" कोणीतरी विचारलं. तो माझा आवाज होता. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते मला ठाऊक आहे, पुस्तिकांच्या ध्वनिफितींसाठी मीच वाचते.

"ती तुला काही करते का?"

"नाही. औषध दिलं. बरोबर तीनला. पण आई... तिला चमचे कुठे असतात ते माहीत नाही. आणि ती मला नुसतं मुलगी म्हणते. मी विचारलं, माझं नाव काय सांग, तर हसली. मला भीती वाटते. तू ये ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती गेली होती माझ्या तीन ओळी घेऊन. ताप, औषध, चारची वेळ. तिच्यापाशी तेवढंच होतं.

टेबलावर दोन खिडक्या होत्या. एक बंद केली की झालं, एक बोट लागतं. पण कुठली? चुकीची बंद झाली तर मी जाईन, हे एक वेळ चाललं असतं. बरोबर बंद झाली तर ताप आलेली पोर घरात एकटी, आणि हे दार तर उघडतच नाही. फोनची तार ताणून मी टेबलापर्यंत आले. तिचा श्वास ऐकू येत होता, तापातला, भरभर. मी पहिल्या खिडकीत तिचं नाव टाइप केलं. पक्कं कर म्हटलं.

या वेळी उत्तर लगेच आलं.

फोनमधून, लांबून, स्वयंपाकघरातून हाक ऐकू आली. नावानं. "ओ!" माझी मुलगी ओरडली. मग माझ्या कानाशी, हुश्श करून, "तिला आलं! तिला आठवलं! ठेवते हं."

"थांब," मी म्हटलं, आणि तिला हाक मारायला तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं. मी पडद्याकडे पाहिलं. ज्या ओळीवर नाव लिहिलं होतं तिथे तीन अक्षरांएवढी रिकामी जागा होती. फोन ठेवल्याचा आवाज आला.

रिकाम्या ओळीखाली एक शब्द उमटला.

*अजून.*

म्हणून हे सगळं मी टाइप करते आहे. आधी रडले, दारावर डोकं आपटून घेतलं, ते सगळं करून झालं. रागही आला, तिचा नव्हे, माझ्याच करून बघायच्या खाजेचा. पण माझी मुलगी ज्या बाईच्या हाती आहे तिला चमचे कुठे असतात ते माहीत असायला हवं. मला जाता येत नाही, तर माझं जे आहे ते तरी जाऊ दे.

चमचे ओट्याखालच्या दुसऱ्या खणात. ताप चढला की तिच्या कपाळावर नव्हे, तळपायांवर ओला कपडा ठेवायचा, नाहीतर चिडते. औषधानंतर साखर, अर्धा चमचा, ती एक मागते. अंधाराला भीत नाही, लोटलेल्या दाराला भिते, म्हणून तिच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं. झोपताना ती माझी करंगळी धरते. सोडवू नये, झोप लागली की आपोआप सुटते. जन्मली तेव्हा रडली नाही, नुसती टकामका बघत राहिली, आणि मला वाटलं, ही मला ओळखते. हे तिला कधी सांगितलेलं नाही. तू सांग.

वर पहिल्या ओळीपासून सगळं वाचून पाहिलं. काही राहिलेलं दिसत नाही. आता पक्कं कर म्हणते.

* * *

उत्तर आलं.

खोलीत अंधार आहे. यंत्रं चालू आहेत. पडद्यावर बराच मोठा मजकूर होता असं वाटतं, पण ओळी वरून एकेक कोऱ्या होत चालल्यात, मला शेवटच्या तेवढ्या वाचता आल्या. कोणाच्या तरी मुलीला ताप आहे. तळपायांवर ओला कपडा ठेवा, असं लिहिलंय. लिहिणारी बाई काळजी करणारी दिसते. चारच्या आत त्या पोरीपाशी कोणीतरी पोचलं म्हणजे बरं.

भिंतीवरचा फोन मघापासून वाजत होता. उचलला तर एक लहान मुलगी आई, आई करत होती. चुकीचा नंबर लागला बाळा, असं मी तिला समजावून सांगितलं.