बुडवलेले मूग

थंड कपाट नीट करायला गेले आणि पहिल्या दहा मिनिटांत एका भल्या माणसाच्या पोटावर पाय दिला. खोटं कशाला बोलू?

मी फ्रिज दुरुस्त करते. बियाण्यांच्या त्या ऑफिसात माणसाएवढी उंच तीन कपाटं — एक थंड, एक मधलं, एक उबदार. थंडवालं बिघडलेलं. आतला ट्रे बाहेर काढला, तर मूग दोन बोटं पाण्यात बुडालेले! म्हटलं, कोण हा आंधळा? दिलं पाणी सिंकमध्ये ओतून. वर दाणे फडक्याने टिपलेसुद्धा.

तेवढ्यात तिथला संशोधक आला. दाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मटकन स्टुलावर बसला.

"ताई... पाणी?"

"ओतलं. आभार नंतर माना."

"ते मीच भरलं होतं! मुद्दाम! पाण्याखाली दाणा किती दिवस तग धरतो, तेच तर बघतोय."

"थंडीत बुडवून? आणि याचा पगार देतात?"

"सोमवारी ऑफिसच्या मोठ्या बाई तपासायला येणार. आकडे नसले तर तोही बंद."

माझं तोंड एवढंसं झालं. चूक माझी, मग निस्तरायचीही मीच. थंड कपाट त्याच दिवशी चालू करून दिलं, आणि रोज काम उरकून तिथे जायला लागले. दाणे मोजायचे, बुडवायचे, रोज थोडे काढून ओल्या कागदावर पसरायचे. मोड आला तर जिवंत, बुळबुळीत झाला तर गेला. उबदार कपाटातले दोन दिवसांत वास मारायला लागले. थंडीतले मात्र चिवट!

"असं का हो?"

"उबेत दाण्याला श्वास जास्त लागतो. पाण्याखाली हवा कुठली? थंडीत तो... गप पडून राहतो. वाट बघत."

बोलत होता दाण्याबद्दल, बघत होता माझ्याकडे.

"डोळे ट्रेवर ठेवा. त्रेसष्ट झाले का चौसष्ट?"

"...परत मोजूया?"

एकच ट्रे आम्ही तीनदा मोजला. त्या दिवशी त्याच्या तोंडातलं 'ताई' कुठेतरी गळून पडलं. मीही आठवण करून दिली नाही.

आणि शनिवारीच मोठ्या बाई दारात उभ्या! थंडीचे आकडे अजून अर्धेच.

"हे अर्धवट का?"

"पाणी मी ओतलं," मी म्हणाले.

"मी ओतलं," तोही म्हणाला. त्याच क्षणी.

बाईंनी चष्मा खाली ओढला. "ट्रे एक आणि ओतणारे दोन? सिंकपर्यंत वरात काढली होती काय?"

बाईंचे ओठ जरासे हलले. "बुधवारपर्यंत मुदत देते. आणि दोघं मोजताय, तर आकडा एकच आला पाहिजे."

त्या गेल्या तशी मी त्याच्यावर उखडले. "खोटं का बोललात? नोकरी गेली असती!"

"चूक तुमच्या नावावर गेली असती तर... तुम्हाला परत बोलावलं नसतं त्यांनी."

"नसतं तर नसतं! जगात फ्रिज काय कमी आहेत?"

"फ्रिज आहेत हो..." त्याचे कान लालबुंद. "तुम्ही एकच आहात."

हातातला पाना उगाच पुसला — दोनदा.

"हे बघा," शेवटी म्हटलं, "माझे बाबा आमच्या दुरुस्तीच्या दुकानातच असतात. संध्याकाळी सहाला चहा घेतात, तेव्हा जरा बऱ्या मूडमध्ये असतात. दाण्यांबद्दल बोललात तर झोपतील. माझ्याबद्दल बोला."