‘कोण?’ विचारायचं नाही

त्या संध्याकाळी मी कचऱ्याचा बिन रस्त्याच्या कडेला ठेवून आलो आणि अंडी उकडत टाकली. माझी बायको चित्रलेखा हॉस्पिटलात नाइट शिफ्टला गेली होती. ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीत मे महिन्यात अंधार पडला की सगळं गाव चिडीचूप होतं.

वैशाख अमावस्या होती. कोणी हसेल, पण त्या रात्री कोणी दार वाजवलं तर आमच्या घराण्यात ‘कोण?’ विचारत नाहीत, सरळ उघडतात. तीनशे वर्षांपूर्वी याच अमावस्येला मोगल-मराठ्यांच्या सरहद्दीवर रात्रीची लढाई जुंपली, मशाली विझल्या, आणि आमच्या एका पूर्वजाने काळोखात समोरच्याला ‘कोण?’ विचारलं. ‘दादा, मी,’ असं उत्तर आलं. शत्रूचा कावा समजून त्याने तलवार चालवली. उजाडल्यावर धाकटा भाऊ ओळखू आला. मी खाणीतला इंजिनियर, असल्या गोष्टींना कशाला भीक घालतोय?

माझा धाकटा भाऊ अनिश तीन वर्षांपूर्वी पर्थच्या रस्त्यावर अपघातात गेला. गाडी उलटण्याआधी त्याने मला फोन केला होता. आमचा अबोला चालला होता, मी कट केला. त्याचा आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायला मिळावा, याखेरीज मला काही नको होतं.

दहाच्या सुमारास जाळीच्या दारावर टकटक झाली. फटीतून घोड्याच्या घामाचा वास आला. दार उघडायचं सोडून मी विचारलं.

“कोण?”

“दादा... मी...”

अनिश मला जन्मात कधी दादा म्हणाला नाही. दोन वर्षांचं तर अंतर, सरळ नावाने हाक मारायचा. हा भलत्याच कोणाचा तरी भाऊ होता. मी कडी घट्ट धरून ठेवली. तेवढ्यात बाहेरून दुसरा आवाज आला, दमलेला.

“अजित, उघड ना यार... आम्ही दोघं आहोत.”

मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. गार वारा तेवढा आत आला.

तेव्हापासून रोज रात्री मागच्या खोलीत हलक्या आवाजात बोलणं चालतं. मधेच अनिश हसतो. चित्रलेखा म्हणते, पत्रा वाजतोय. पण परवा तिनेच तिथे दोन पांघरुणं नेऊन ठेवली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकतो. जीव तुटतो माझा. आत गेलो की दोघं गप्प होतात.