मनूच्या हातचे गुच्छ

मनूची आणि आकारामची पहिली गाठ पडली ती एका गुलाबावरून. शेजारच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. फोटोत नवरीच्या हातात गुच्छ पाहिजेच, असं फोटोग्राफरनं ऐनवेळी काढलं, म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या शाळेत शिकवणारी मनू जवळच्या रोपवाटिकेत शिरली. एका उमललेल्या फुलाकडे तिनं हात नेला, तोच मागून आवाज आला.

“त्यो नगं, बाई. मांडवात मान टाकंल. ही कळी घ्या… उद्या बरोब्बर उमलंल.”

बोलणारा माळी डाव्या पायानं लंगडत होता. एकाहत्तरच्या लढाईत पाय जायबंदी झाला, फौज सुटली. मेढ्याच्या डोंगरातली शेती त्या पायानं होईना, म्हणून तो सांगलीला आला. हे सगळं मनूला कळलं हळूहळू, चार वर्षांत. त्या गुच्छाचं कौतुक झालं आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला गुच्छ करायचं काम तिच्याकडेच आलं.

शाळेच्या आधी ती बागेत यायची. आकाराम ओल्या फडक्यात निशिगंध गुंडाळून वाट बघत असायचा.

“ही नवरी कशी हाय?”

“सावळी. हसरी.”

“मग पांढरं घ्या. लय खुलंल.”

एवढंच बोलणं. कधी कात्री देता-घेता बोटाला बोट लागायचं… मग दोघंही उगीच फुलांकडे बघत राहायची.

लग्न उरकलं की मनू घरी यायची. दादा-वहिनींचा संसार पुढच्या दोन खोल्यांत. तिची खाट मागे, ट्रंकांच्या शेजारी. वहिनी वाईट नव्हती. पण जेवणं झाली की ती दोघं आपल्या बोलण्यात रमायची आणि मनू वह्या तपासत बसायची. तिशी आली होती. दिवसभरात आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, हे मधूनच तिच्या ध्यानात यायचं… ती पुढची वही ओढायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती बागेत आली ती उशिरा, रेंगाळत.

“ह्या खेपेला कुणाचं लगीन?” आकारामनं विचारलं.

“माझं.”

तो कुंडीत पाणी घालत होता. कुंडी भरून वाहायला लागली तरी झारी तशीच वाकडी राहिली.

“विट्याचे आहेत. मदुराईला सोनं गाळायचं दुकान आहे. बिजवर आहेत, पण माणूस बरा वाटला. रविवारी साखरपुडा.” ती कळ्यांकडे वळली. “या वेळी नवरी कशी आहे ते विचारलं नाहीत तुम्ही.”

“ठावं हाय की मला.”

“मग फुलं सांगा ना.”

त्यानं झारी खाली ठेवली. “ह्या नवरीला माझ्याकडनं फुलं मिळायची न्हाईत.”

“का?”

“तुमाला दुसऱ्याच्या घरी धाडायला… माझा हात उचलायचा न्हाई.”

मनूला राग आला, आणि रागातच डोळे भरले. “चार वर्षं, आकाराम… चार वर्षांत एकदाही बोलता आलं नाही?”

“तुमी दर खेपेला दुसऱ्याचं लगीन घिऊन यायचा. त्यात आपलं कसं काढायचं? तुमी मास्तरीणबाई… मी ह्यो असा.” त्यानं पायाकडे पाहिलं.

“पाय मी पहिल्या दिवशीच पाहिला होता,” ती हळूच म्हणाली. “तरी येतच राहिले ना?”

आकारामनं ओले हात फडक्याला पुसले. “मग आता वो?”

“मी दादाला आजच सांगते. तुम्ही उद्या घरी या.”

जेवताना तिनं सांगितलं. वहिनीचा हात भाकरीवरच थांबला.

“विट्याच्या माणसांना मी काय तोंड दाखवू?” दादा म्हणाला.

“मी पत्र लिहिते. चूक माझी आहे, असंच लिहिते.”

दादानं ताट सरकवलं. “येऊ दे त्याला. मी बोलावणार नाही, हाकलणारही नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाराम आला, फौजेतला कोट घालून. दादानं खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

“बोलून झाल्याव बसतो. मला मनूबाईंशी लगीन करायचंय. पगार थोडा हाय. मानानं ठेवीन.”

दादानं तीच खुर्ची पुन्हा त्याच्याकडे सरकवली. मग आत वळून म्हणाला, “मनू, चहा टाक. चौघांचा.”

ती दाराआडच उभी होती. तिनं भांड्यात चार कप पाणी मोजून ओतलं; आजवर या घरात तिघांचाच चहा व्हायचा.