हनुवटीचं गाणं

बसा. दिवा राहू द्या तसाच. ही हकिगत मी छापली नाही, कारण छापायला लागतो तसा पुरावा माझ्याकडे नाही. जो आहे, तो शेवटी सांगतो.

जूनमधली सकाळ होती आणि काम साधं होतं. अगाथा पोमरॉयला घरून गाडीत बसवायचं, धक्क्यावर न्यायचं आणि अ‍ॅम्ब्रोज नावाड्याच्या होडीतून पिंचर्स बेटावर पोचवायचं. अगाथामावशी एकोणऐंशी वर्षांची. आमच्या खाडीकाठी वय झालेली बाई सगळ्यांचीच मावशी असते. तर या मावशीला तिचा पहिला अल्बम करायचा होता.

हनुवटीचं गाणं तुम्ही ऐकलं नसेल. बेटावर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा नसला, की कुणीतरी पिंपावर बसून तोंडानेच नाचाची चाल धरायची. शब्द नाहीत, नुसतं डिडल-डी-डाय-डम, उतारावरून घोडा सुटावा तसं. हनुवटी हलत राहते म्हणून ते नाव. चार जोड्या नाचतात आणि नियम एकच: जमिनीवर एक जरी पाय वाजत असला, तरी गाणाऱ्याने थांबायचं नाही.

पिंचर्सचा फिडलवाला समुद्रात बुडाला तेव्हा मावशी पंधरा वर्षांची होती. तिला पिठाच्या पिंपावर बसवलं ते बसवलंच. सगळं गाव तिच्या गळ्यावर नाचलं. तिचा दिवंगत नवरा व्हॅल तिच्याच गाण्यावर गावातल्या प्रत्येक बाईबरोबर नाचला, तिच्याबरोबर एकदाही नाही. ती उठली असती तर गाणं थांबलं असतं. पुढे सरकारने ठरवलं की इतक्या लहान गावांना शाळा आणि डॉक्टर देणं जमत नाही. माणसांकडून गाव सोडण्याच्या सह्या घेतल्या, लाकडी घरं दोरांनी बांधून पाण्यावरून ओढत नेली आणि याला त्यांनी प्रगती म्हटलं. त्यावर मी किती लिहिलं आणि किती मंत्र्यांशी भांडलो, ते सोडा. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

अल्बमसाठी मदत मागितली तर सरकारच्या कला मंडळाने मावशीचा अर्ज परत पाठवला. 'वाद्य' या रकान्यात तिने 'हनुवटी' असं लिहिलं होतं. रकाना नीट भरा, असं उत्तर. मी त्या कार्यालयात जाऊन काय बोललो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण तीन आठवड्यांत मंजुरी आली.

गाडीत मी तिला विचारलं, की या वयात हा उपद्व्याप कशासाठी. नाव व्हावं म्हणून?

"नावाला काय करू, बाळा? चुलीत घालू?" ती म्हणाली. "एकदा ती तबकडी गायला लागली, की मला पिंपावरून उठता येईल. माझे खुबे आणखी वर्षभर टिकतील. मला एक नाच नाचायचाय."

मग ती धक्का येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

ध्वनिमुद्रण करणारी कोलीन होडीत आधीच बसलेली होती. तिने दोन दिवस शहरातल्या स्टुडिओत प्रयत्न करून पाहिले होते. कानावर ते मोठे हेडफोन आणि समोर काच. मावशीचा आवाज उठेचना. नाचणाऱ्या पायांशिवाय मी गाऊ कशावर, हा तिचा प्रश्न. म्हणून मला ओळखणाऱ्या जमिनीवर न्या, असं तीच म्हणाली होती.

बेटावर आता माशांची एक जुनी वखार तेवढी उभी आहे. तिच्या माळ्यावर पूर्वी नाच व्हायचे. आम्ही वर चढलो तोवर धुकं खाडीतून वर आलं आणि दुपारी दोनला खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. डांबराचा, मिठाचा आणि जुन्या कॉड माशांच्या तेलाचा वास लाकडात इतका मुरला होता, की माणसं कालच खाली उतरून गेली असावीत. कोलीनने दोन माइक मावशीसमोर लावले, एक जमिनीशी. मावशी उलट्या बादलीवर बसली. मी दाराशी एका खोक्यावर टेकलो, अ‍ॅम्ब्रोज माझ्या शेजारी उभा राहिला. तोही याच बेटावर जन्मलेला.

ती गायला लागली. पहिल्या दोन ओळी बेताच्याच गेल्या. मग जिन्यावर कुणी चढतंय असं मला वाटलं. अ‍ॅम्ब्रोज खाली जाऊन परत येत असेल, म्हणून मी मान वळवली. अ‍ॅम्ब्रोज जागचा हलला नव्हता.

पाऊल जिन्यावर नव्हतंच. माळ्याच्या मधोमध होतं. एक टाच, मग दुसरी, मग चौकोनाच्या चारही बाजूंना... फळ्यांमधली धूळ ठेक्यावर उडायला लागली. रेषेत पुढे, रेषेत मागे, मग गोल. माणूस एकही नाही. बुटांचा आवाज मात्र लग्नघरासारखा.

"हे... तुम्ही करताय?" कोलीनने ओठांनीच विचारलं.

"मी बसलोय," मी म्हणालो.

तिचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला. अ‍ॅम्ब्रोजने तो हळूच धरला. त्याने टोपी काढली होती.

"नको, पोरी. पाय चालू आहेत... आता बंद करायचं नसतं."

आणि मावशी? माझ्या मानेवर काटा उभा होता, आणि ती बाई फुलली होती. गाल लाल, डोळे हसरे. आवाज साठ वर्षं मागे गेलेला. माझी भीती कुठे संपली आणि माझ्याही टाचा कधी हलायला लागल्या, मला कळलं नाही. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी शेवटचं पाऊल थांबलं. तेव्हाच ती थांबली.

थोडा वेळ धुक्याचं पाणी छपरावरून गळताना ऐकू येत होतं. मग ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "व्हॅल, तिसऱ्या वळणावर तू अजून चुकतोस."

अ‍ॅम्ब्रोज हसला आणि रडला. त्या दिवशी तिने अशी नऊ गाणी गायली.

अल्बम ऑक्टोबरात निघाला. नाव 'हनुवटी', आणि मुखपृष्ठावर तिच्या हनुवटीचाच फोटो. मंडळाला एक प्रत मी स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवली. प्रकाशन चर्चच्या सभागृहात होतं. बेटांवरून हलवलेली म्हातारी माणसं, त्यांची मुलं, नातवंडं, मटारच्या सूपची पातेली, रम... पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना वाटलं होतं की मावशी गाणार. ती नवे काळे बूट घालून मंचावर चढली आणि म्हणाली, की चौसष्ट वर्षं तुम्ही मला बसवून ठेवलंत, आज माझा गळा या डबीत आहे, आज ती गाईल. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

कोलीनने तबकडी लावली. तीन जोड्या उभ्या राहिल्या. चौथ्या जागी मावशी एकटी. अ‍ॅम्ब्रोज केस चापून पुढे झाला.

"बस खाली," ती त्याला हळूच म्हणाली. "माझा आलाय."

तिने हात पुढे केला. तिच्या बाहीला कोपराजवळ चुणी पडली, कुणी धरल्यावर पडते तशी. आणि ती नाचली. काय नाचली म्हणून सांगू. नुसत्या ऐकण्याने चौसष्ट वर्षं पाठ केलेला नाच होता तो. खुबे, गुडघे, डॉक्टरची काठी, सगळं खुर्चीवर राहिलं. प्रत्येक वळणावर ती हवेत कुणावर तरी रेलायची आणि पडायची नाही. लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. मीही भान हरपून टाळ्या पिटत होतो, तेवढ्यात कोलीनने माझी बाही ओढली.

यंत्रावरचा आकडा तीन-चाळीसवर थांबला होता. तबकडी फिरत नव्हती.

गाणं चालू होतं.

"तार काढू...?" तिचे ओठ पांढरे पडले होते. मी काही बोलायच्या आत तिने ती काढलीही. स्पीकरवरचा लाल दिवा विझला. डिडल-डी-डाय-डम, जराही न अडखळता, त्याच विझलेल्या स्पीकरमधून. मी मावशीच्या पायांकडे पाहिलं. ते चालूच होते. मग मी कोलीनला म्हणालो, की आता आपल्या हातात काही नाही, चल नाचू. आम्ही नाचलो. सगळं सभागृह नाचलं. चौतीस मिनिटं. मावशीने शेवटची टाच आपटली, त्याच क्षणी आवाज थांबला. ती खुर्चीत बसली, घामाने निथळत, आणि लहान मुलीसारखी हसत म्हणाली, की चुकला, तिसऱ्या वळणावर चुकलाच, पण हात सोडला नाही त्याने.

इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. इथेच संपवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी प्रत फोडली. कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तोवर तसंच होतं. चौथं गाणं, आदल्या रात्री वाजलं तेच, लावलं आणि पुन्हा लावलं. आवाज बसला होता. ठेका बरोबर, सूर बरोबर, पण गळा खरवडलेला, रात्रभर गाऊन बसतो तसा. दुपारपर्यंत सात घरांतून फोन आले. प्रत्येकाची प्रत तशीच. कोलीनने बेटावरचं मूळ मुद्रण लावून पाहिलं, तेही तसंच. मावशीला सांगितलं तर ती खिदळली. "चौतीस मिनिटं पाण्याशिवाय गायली डबीतली बिचारी. होईल बरी. पण आता दर शनिवारी नाच आहे हं, तिला सांगा."

आणि खरंच, गुरुवारपर्यंत तो आवाज पुन्हा स्वच्छ झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण गाणं संपल्यावर तबकडीवर तीन सेकंद शांतता असायची. ती आता नाही. तिथे कुणीतरी दम खातं. आवाज मावशीचाच, पण वय पंधरा-सोळाचं. आणि मग अगदी हळू, बाजूला बसलेल्याला विचारावं तसं: "मी कधी उठू?"

उद्या शनिवार आहे. मावशीने बुटांना पॉलिश केलंय. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.